नाक्यावरची वही

श्रीपाद हरिहर आठल्ये यांना उभ्या आयुष्यात एकाही पोलिसाने नाक्यावर अडवलेलं नाही. तशी संधीच त्यांनी कधी कुणाला दिली नाही. ते स्वतःहून थांबत.

शहाऐंशी साली डोंबिवलीच्या रामनगरात स्वतःची चारचाकी असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि आठल्ये त्यांतलं एक बोट होते. गाडी म्हणजे सेकंडहँड फियाट. तिचा मागचा एक दरवाजा आतून नाडीने बांधलेला असे आणि चढ लागला की ती दमेकऱ्यासारखी धापा टाकी. पण नाका दिसला रे दिसला की आठल्यांच्या अंगात वेगळाच उत्साह संचारे. हवालदार लांबूनच 'चला, चला' म्हणून काठी हलवत असताना ते गाडी हळू करत आणि नेमकी त्याच्या बुटांपाशी आणून उभी करत. इंजिन बंद. मग खाली उतरायचं, पँट वर ओढायची आणि म्हणायचं, "नमस्कार. मी आठल्ये, डोंबिवली. कागद बघता ना?"

हवालदार चक्रावून जाई. मागच्या सीटवरची आठ वर्षांची आसावरी, म्हणजे आठल्यांची थोरली, त्या वेळी धरणीमाते पोटात घे म्हणून विनवत असे. धाकटा सुश्रुत विनवण्या करत बसत नसे, तो सरळ सीटखाली जाई.

आसावरीच्या आईचं, मंदाकिनीचं, माहेर ओतूरला. मे महिन्यात, दिवाळीत आणि मधे कुणाच्या लग्नामुंजीला फियाट कल्याणवरून मुरबाड आणि मुरबाडवरून माळशेज घाट अशी निघायची. वाटेत चार नाके लागत. कल्याण सोडताना जकात नाका, मुरबाडजवळ पोलीस, घाटाच्या पायथ्याशी वनखात्याचा नाका आणि घाट चढून गेल्यावर पुन्हा पोलीस. इतरांना ओतूरला पोचायला चार तास लागायचे, आठल्यांना सहा. जकात नाक्यावर तर खिडकीतला कारकून हात जोडायचा. "घरगुती सामान आहे ना? मग जा की, साहेब." यावर आठल्यांचं म्हणणं असे की, घरगुती आहे हे तुम्ही बघितल्याशिवाय तुम्हाला कसं कळणार? एक लोणच्याची बरणी आहे, एक नवी सतरंजी आहे, बघून घ्या. एकदा त्या कारकुनाला वाटलं, इतका आग्रह करणारा माणूस नक्कीच काहीतरी मोठं लपवत असणार. त्याने सगळी डिकी रिकामी करायला लावली. सतरंजीसुद्धा उलगडून बघितली. आठल्ये इतके खूश झाले की घाट चढेपर्यंत त्या कारकुनाचं कौतुक करत होते.

बरं, नुसते कागद दाखवून भागत नसे. मंदाकिनी प्रवासाला निघताना बेसनाचे लाडू करी, ते दोन डब्यांत. एक घरचा डबा आणि एक नाक्याचा. नाक्याचे लाडू आकाराने जरा लहान असत, कारण मंदाकिनीबाई प्रेमळ होत्या पण हिशेब सोडून वागणाऱ्या नव्हत्या. प्रत्येक नाक्यावर माणशी एक लाडू जाई. आणि लाडवानंतर यायची ती वही.

ती लांबट, निळ्या पुठ्ठ्याची वही हे आसावरीच्या बालपणीचं सगळ्यात मोठं संकट होतं. आसावरीचं अक्षर वळणदार, म्हणून बाबांनी ते काम तिच्यावर सोपवलेलं. "आसावरी, वही" असं बाबा म्हणाले की तिने खाली उतरायचं, हवालदारासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, "काका, नाव सांगा. गाव सांगा." मग तारीख, वेळ, नाक्याचं ठिकाण, माणसाचं नाव आणि गाव अशी नोंद करायची. एका ओळीत एक माणूस. उन्हात तापलेल्या डांबरावर, येणाऱ्याजाणाऱ्या एसटीतली पन्नास डोकी खिडकीतून बघत असताना.

"पण का, बाबा?" तिने एकदा रडवेलं होऊन विचारलं होतं.

"अगं, आपल्यासाठी एक माणूस दिवसभर उन्हात उभा केलाय. त्याला न भेटता जायचं?"

हे उत्तर तिला तेव्हा पटलं नाही. खरं उत्तर तिने एकदा डोळ्यांनी बघितलं होतं, पण तेही तिला तेव्हा कळलं नाही. आठल्ये मानपाड्याकडच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेल्या रंगाचा नमुना त्यांनी बघायचा आणि त्यांनी सही केली तरच डबे बाहेर जायचे. छटा जरा इकडची तिकडे झाली की माल अडला. कारखान्यात त्यांना पाठीमागे 'नाका' म्हणत. खंडेनवमीला मशिनांची पूजा असे आणि घरच्यांना बोलावणं असे. नऊ वर्षांची आसावरी त्या दिवशी कारखान्यात गेली तेव्हा सगळे कामगार घोळक्याने उभे राहून पेढे खात होते, हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. बाबा एकटेच रंगाच्या पिंपापाशी उभे राहून आपला पेढा खात होते. त्यांच्याजवळ कुणी आलं नाही. अडवणाऱ्या माणसाशी कुणी गप्पा मारत नाही, एवढं कळण्याइतकी ती मोठी नव्हती. तिला फक्त वाटलं की बाबांना पेढा फारच आवडलेला दिसतोय, म्हणून ते असे एका बाजूला जाऊन खातायत.

नव्वद सालच्या मे महिन्यात घात झाला. आसावरी बारा वर्षांची होती. मुरबाडजवळच्या नाक्यावर ती वही घेऊन उभी होती, समोर दोन पोलीस, बाजूला बाबा हात बांधून उभे, आणि नेमकी त्याच वेळी तिच्या वर्गातल्या हेमांगीच्या काकांची जीप शेजारून गेली. हेमांगीने काचेला नाक लावून सगळं बघितलं. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात सगळ्यांना ठाऊक झालं होतं की आठल्येच्या बाबांना पोलिसांनी पकडलं आणि तिच्याकडून काहीतरी लिहून घेतलं.

"पकडलं नव्हतं. आम्हीच थांबलेलो," आसावरी म्हणाली.

"नाक्यावर कोण स्वतःहून थांबतं गं?" हेमांगी म्हणाली.  या प्रश्नाचं उत्तर जगात कुणाकडेच नसणार, असं आसावरीला वाटलं.

दिवाळीत पुन्हा ओतूर. घाटाच्या पायथ्याशी वनखात्याच्या नाक्यावर विश्राम नावाचे पहारेकरी असत. त्यांच्या लाकडी खोक्याएवढ्या केबिनला एक खिडकी होती आणि खिडकीत कॅलेंडर टांगलेलं होतं. विश्रामकाका लाडू खात बाबांशी बोलत असताना आसावरीने नोंद पुरी केली, वही मिटली आणि हळूच त्या कॅलेंडरमागे सरकवून दिली. मग गाडीत येऊन बसली.  पुढच्या नाक्यावर बाबा "आसावरी, वही" म्हणाले तेव्हा तिने पिशवी उचकटल्याचं चांगलं पाच मिनिटं नाटक केलं आणि म्हणाली, "बाबा, मी कुठेतरी विसरले वाटतं."

बाबांनी पिशवीचं तोंड मिटलं. "हरकत नाही," म्हणाले.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी दारात एसटीचा कंडक्टर उभा. हातात निळी वही. वहीच्या पहिल्या पानावर घरचा पत्ता होता, तोही आसावरीच्याच वळणदार अक्षरात, आणि त्या पत्त्यावर लोकांना विचारत विचारत तो बापडा कल्याण डेपोतून डोंबिवलीला आला होता. मंदाकिनीने त्याला चहा दिला. बाबांनी वही उघडली. शेवटच्या नोंदीखाली कुणीतरी मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं : "वही विसरली. परत पाठवत आहे. लाडू चांगले होते. विश्राम."

बाबांनी ती ओळ दोनदा मोठ्याने वाचून दाखवली. त्यानंतर त्यांनी आसावरीला कधीही वही लिहायला सांगितलं नाही. रागावले नाहीत, बोलले नाहीत, नुसतं सांगणं बंद केलं. पुढच्या खेपेपासून वही ते स्वतःच घेऊन उतरत. आसावरी सुटली. आणि गंमत अशी की, गाडीत बसून काचेतून बाबांची पाठ बघताना तिला सुटल्यासारखं अजिबात वाटत नसे. मग शाळा संपली, कॉलेज आलं, लग्न झालं, ती ठाण्याला गेली. आईबाबांबरोबरचे गाडीतले प्रवास संपले आणि ती वहीही, तिच्या समजुतीप्रमाणे, कधीतरी रद्दीत गेली.

हे सगळं आठवायचं कारण गेल्या जानेवारीतला एक सोमवार.

आसावरी आता सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. दुपारी तास संपवून ती बाहेर आली तर फोनवर आईचे सहा मिस्ड कॉल. तिने फोन लावला.

"घरी पोलीस येऊन गेले," मंदाकिनी म्हणाली. "तुझ्या बाबांच्या गाडीने कुणाला तरी उडवलं म्हणतायत. ठाण्यात, घोडबंदर रोडला. शनिवारी दुपारी सव्वाचारच्या सुमाराला. स्कूटरवरची बाई आहे गं, पाय मोडलाय तिचा. आणि गाडी पळून गेली. कॅमेऱ्यात नंबर आलाय, आपलाच. संध्याकाळी पाचला पोलीस स्टेशनला बोलावलंय."

आसावरी रिक्षाने सुटली ती थेट डोंबिवलीला. वाटेत सुश्रुतचा फोन आला. तो टोरांटोला असतो, तिथे पहाट होती. "ताई, मी सांगत होतो ना? शहात्तर वय आहे त्यांचं. किल्ली काढून घे. आजच."

रामनगरात बिल्डिंगखाली चारजण उभे होते. ते तिला बघून गप्प झाले. आठल्यांची रुपेरी वॅगनआर आपल्या जागेवर धुऊनपुसून उभी होती. आसावरी वर जायची ती आधी गाडीपाशी गेली आणि चोरासारखी वाकून पुढचा बंपर बघू लागली. डाव्या कोपऱ्यावर ओरखडा होता. ताजा. 

तिला एकेक आठवायला लागलं. दिवाळीत बाबा इस्त्री चालू ठेवून फिरायला गेले होते. गणपतीत त्यांनी तिला दोनदा आत्याच्या नावाने हाक मारली. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बाबा खोटं बोलणार नाहीत, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तिची भीती वेगळीच होती. त्यांनी कुणाला तरी धडक दिली असेल आणि त्यांना ते कळलंही नसेल तर?

बाबा खुर्चीत बसले होते. त्यांचा पहिला प्रश्न असा, "त्या बाईंचा पाय कसा आहे, कळलं का काही?"

"बाबा, बंपरवर ओरखडा आहे."

"शेजारच्या मुलाच्या बाईकचं हँडल लागलं. बुधवारी."

तिने हात पुढे केला. बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं. ते उठले, खुंटीवरची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. वाद नाही, तक्रार नाही. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिने किल्ली पर्समध्ये टाकली आणि तिला रडू आलं.

"शनिवारी तुम्ही कुठे होता?"

"ओतूरला गेलो होतो, सकाळी. तुझ्या मामाला बघायला. संध्याकाळी परत."

"फोन?"

"तो इथे चार्जिंगला होता." बाबांचा फोन बाराही महिने चार्जिंगला असतो.

"अहो, माझा होता ना," मंदाकिनी म्हणाली, "पण मी बंद केलेला. घाटात उगाच बॅटरी खातो."

टोल त्या रस्त्यावर नाही. साक्षीदार एकच, ती पण बायको. आसावरी कपाळाला हात लावून बसली.

"सव्वाचारला आम्ही घाट उतरून पोलिसांच्या चौकीवर होतो," बाबा म्हणाले. "विचार त्यांना हवं तर."

"म्हणजे? तुम्ही अजून थांबता?"

"थांबतो म्हणजे? नाका असल्यावर थांबायला नको?"

ते आत गेले आणि कपाटातून एक निळी वही घेऊन आले. त्या कप्प्यात तिच्यासारख्या आणखी दहा होत्या. 

निघताना मंदाकिनीने एक डबा पुढे केला.

"आई, पोलीस स्टेशनला चाललोय, मुंजीला नाही."

"तो पण नाकाच गं. जरा मोठा."

गाडी आसावरीने चालवली. बाबा शेजारी पट्टा लावून बसले, मांडीवर वही, वहीवर डबा. चाळीस वर्षांत स्वतःच्या गाडीत ते पहिल्यांदा डाव्या बाजूला बसले होते. 

पोलीस स्टेशनात विनीत खैरे नावाचे तरुण उपनिरीक्षक होते. डोळे तांबारलेले, टेबलावर फायलींचा ढीग, पण बोलायला नीट. त्यांनी कॅमेऱ्याचा फोटो समोर ठेवला. पळणाऱ्या रुपेरी वॅगनआरची पाठ आणि नंबर, आठल्यांचाच.

"आजोबा, घाबरला असाल, समजू शकतो मी. पण जे झालं ते सांगून टाका. मोबाईल टॉवरची माहिती मागवली तर आठवडा जाईल, आणि फोन घरी होता म्हणताय तर तिचा उपयोगही नाही."

आठल्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा चढवला आणि फोटो डोळ्यांजवळ धरला. एक मिनिट गेलं. दोन गेली. आसावरीला एकाएकी जाणवलं की बाबांचा चेहरा बदललाय. हा चेहरा तिने लहानपणी बघितलेला होता. रंगाचा नमुना उजेडात धरला की ते असे दिसत.

"साहेब, नंबर माझा आहे. गाडी माझी नाही."

"कशावरून?"

"या गाडीच्या मागच्या काचेला वायपर आहे. माझ्या गाडीला नाही. माझं मॉडेल साधं आहे."

खैऱ्यांनी फोटो बघितला. मग खाली जाऊन गाडीही बघून आले. "वायपर काढता येतो, आजोबा. दोन दिवस होते तुमच्याकडे."

"बरोबर!" आठल्ये एकदम खूश झाले. "अगदी बरोबर. मी तुमच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं. तुम्ही नीट तपासताय." आणि त्यांनी वही पुढे केली.

खैऱ्यांनी दोनचार पानं चाळली. त्यांना काही उमगेना. आठल्यांनी समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी आसावरीकडे असं बघितलं, जणू घरच्यांनी यांना एकटं सोडायला नको होतं. मग म्हणाले, "पण ही वही तर तुमचीच आहे. घरी बसून कुणीही लिहील. याला पुरावा कसं म्हणू?"

"माझी कशी? अक्षरं बघा की. नाक्यावरचा माणूस स्वतः लिहितो. आमच्यात तशी पद्धत आहे, नव्वद सालापासून."

आसावरीने वही ओढून घेतली. खरंच होतं. पानोपानी प्रत्येक ओळीचं अक्षर वेगळं. कुठे टपोरं, कुठे मुंग्यांसारखं, कुठे इंग्रजीत सही, कुठे मराठी घाईघाईचं. शनिवारच्या तारखेला निळ्या शाईत लिहिलं होतं : "दुपारी ४.१०. आजोबा आजी ओतूरहून डोंबिवली. कागद बघितले (आजोबांनी जबरदस्तीने दाखवले)." पुढे गाडीचा नंबर. "लाडू २. करिश्मा भोईर, पोलीस शिपाई, गाव मानपाडा."

खैऱ्यांनी ती ओळ तीनदा वाचली. मग त्या चौकीचा फोन नंबर शोधायला सांगितला, करिश्माला लाईनवर घेतलं आणि स्पीकर लावला. "शनिवारी दुपारी एक वॅगनआर..." एवढं बोलून होतं न होतं तोच पलीकडून आवाज आला.

"लाडूवाले आजोबा ना, सर? काय जालं आजोबांना? बरे हायेत ना?"

आख्खं पोलीस स्टेशन वळून बघू लागलं.

"तुम्ही ओळखता यांना?"

"कोन नाय ओळखत, सर! आमच्या इथं नवीन पोरगा ड्युटीला आला ना, त्याला पयलं सांगतात, आजोबा आले की कागद बघायचे, नायतर ते जात नाय. आमच्या रजिस्टरला पन गाडीची एंट्री हाय. एंट्री करा म्हनून तेच मागं लागतात."

"वेळ काय होती?"

"चार-सव्वाचार. थांबा सर, माज्याकडं फोटो हाय. मी नि आजोबा लाडू खाताना. स्टेटसला ठेवलेला. मागं गाडी हाय, सगला नंबर दिसतोय."

फोटो आला. वर्दीतली हसरी मुलगी, तोंडात लाडू. शेजारी ताठ उभे आठल्ये. दोघांच्या मधे रुपेरी गाडीची मागची काच, वायपरविना, खाली नंबर, आणि फोटोची वेळ चार वाजून बारा मिनिटं. तिथून घोडबंदर रोड गाठायला भल्याभल्या ड्रायव्हरला दोन-अडीच तास लागतात.

खैरे खुर्चीतून उठले आणि त्यांनी आठल्यांचा हात हातात घेतला. "आजोबा, माफ करा. कुणीतरी तुमच्या नंबरची खोटी पाटी लावून गाडी फिरवतोय. चौकीचं रजिस्टर मागवून घेतो, तुमचा जबाब लिहून घेतो आणि तुमच्यापुरता विषय संपवतो. वायपरचं तुम्ही दाखवलंत ते बरं झालं, आता गाडी शोधायला सोपी जाईल."

"माफी कसली? तुम्ही तपासलंत. तपासायलाच पाहिजे." आठल्यांनी डबा उघडला. "घ्या. गाव कुठलं तुमचं?"

साहेबांनी लाडू घेतला, त्यांचं बघून ठाणे अंमलदाराने घेतला, मग लॉकअपवरचा शिपाईही आला. पाच मिनिटांत तिथे असे काही हास्यविनोद सुरू झाले की बाहेर तक्रार द्यायला आलेला एक गृहस्थ दारातच घुटमळला. घोळक्याच्या मधोमध आठल्ये. आसावरीला रंगाच्या पिंपापाशी एकटं उभं राहून पेढा खाणारा माणूस आठवला, आणि अडतीस वर्षांनी त्या पेढ्याचा अर्थ तिला कळला.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. शनिवारची ती ओळ तिच्या वळणदार अक्षरात असती तर? मुलीने लिहिलेली वही कुणी हातातही धरली नसती. तिने कॅलेंडरमागे वही सरकवली नसती तर विश्रामकाकांनी वहीत स्वतःच्या अक्षरात ओळ लिहिली नसती, आणि ती ओळ नसती तर बाबांना ही पद्धत सुचली नसती.

खाली गाडीपाशी आल्यावर तिने पर्स उघडली, किल्ली काढली आणि बाबांच्या हातावर ठेवली. "बाबा, चालवा."

"नक्की?"

"नक्की. आणि सॉरी. मला वाटलं होतं की..."

"वाटलं तर काय झालं? बंपर बघितलास ना? मीही बघितला असता." बाबांनी सीट मागे सरकवली, आरसे एकेक करून नीट केले आणि गाडी सुरू केली. आसावरीने आईला फोन लावून सगळं सांगितलं. सोसायटीला कळवायचं काम आपोआप आईकडे गेलं, म्हणजे ते पाच मिनिटांत झालं. सुश्रुतला तिने एवढंच लिहिलं : किल्ली बाबांकडेच राहणार.

मुंब्रा मागे पडलं तशी ती म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय. नव्वद साली ती वही मी विसरले नव्हते."

"माहीत आहे."

"कसं?"

"पुढच्या खेपेला विश्रामने सांगितलं. पोरीने कॅलेंडरमागे अगदी व्यवस्थित लावून ठेवली होती म्हणाला. विसरणारा माणूस इतकं नीट ठेवत नाही."

"मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

बाबांनी गिअर बदलला. "तुला लाज वाटत होती. लाज वाटत असताना कुणी काम करू नये. बघू, म्हटलं, कधी मोठी होते ते."

मानपाड्याच्या अलीकडे रस्त्यावर नाकाबंदी होती. पिवळे अडथळे तिरके लावलेले, दोन पोलीस, एक दुचाकीवाल्यांना बाजूला घेत होता आणि दुसरा चारचाकींना हाताने पुढे सोडत होता. अंधार पडला होता. बाबांनी वेग कमी केला. पोलिसाने त्यांच्याकडे न बघताच 'चला, चला' म्हणून हात हलवला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच श्रीपाद हरिहर आठल्ये यांनी पुढे जायला गिअर टाकला.

"आज राहू दे," ते म्हणाले. दमले होते. "तुझी आई वाट बघत असेल."

"बाबा, गाडी बाजूला घ्या."

"अगं, पण ते सोडतायत."

"ते सोडतायत. पण त्यांना न भेटता जायचं?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग डावा सिग्नल दिला आणि गाडी नेमकी त्या पोलिसाच्या बुटांपाशी आणून उभी केली. इंजिन बंद. मागे दोन रिक्षांनी हॉर्न वाजवले, एका टेम्पोवाल्याने मान बाहेर काढून काहीतरी सुनावलं, बसमधली डोकी खिडकीला लागली. आसावरी खाली उतरली. एका हातात वही, एका हातात डबा. तिने ओढणी सारखी केली आणि ताठ उभी राहिली.

पोलीस गोंधळून पुढे आला. विशीबाविशीचा असेल. "काय झालं, मॅडम? मी तुम्हाला थांबवलं नाही."

"माहीत आहे. नमस्कार, आम्ही आठल्ये, डोंबिवली. कागद बघता ना?" आणि तिने वही उघडून त्याच्या पुढे धरली, वर पेन ठेवलं. "नाव लिहा. गावही लिहा. नाही, मी नाही लिहिणार. तुम्हीच लिहा."